कुंडीतला मुंजा

मुंबईला शिशिर येतो तो आधी बदामावर. बाकीची बरीच झाडं वर्षभर अंगावर धूळ घेऊन एकाच रंगात उभी असतात. पण जानेवारीच्या सुमाराला गिरगावातल्या एखाद्या जुन्या वाडीत शिरलात, तर अंगणातल्या देशी बदामाची पानं लालभडक होऊन एकेक खाली येताना दिसतील. तळहातापेक्षा मोठं, जाडजूड पान. स्कूटरच्या सीटवर पडलं की चक्क आवाज होतो. अशाच रंगासाठी अमेरिकेत लोक गाड्या काढून शेकडो मैल जातात आणि झाडाखाली उभे राहून फोटो काढतात. आमच्याकडे अंगण झाडणाऱ्या मावशी त्या रंगाला रोज सकाळी शिव्या घालतात.

बदाम हाच आपला मेपल, हा शोध आमच्या वाडीतल्या अण्णांचा. अण्णा बेस्टच्या वीज खात्यातून वायरमन म्हणून निवृत्त झाले. त्यांचा एक भाचा टोरांटोला असतो. त्याने घरामागच्या बागेतला मेपल बुंध्यापासून वीतभरावर कापला, उरलेला खुंट मुळांसकट उपटून पसरट कुंडीत लावला, आणि त्याला फुटलेल्या फांद्यांचे फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला सुरुवात केली. कुंडीतल्या मुळांना तिथली थंडी झेपत नाही म्हणून हिवाळ्यात हे झाड गराजमध्ये ठेवतात, असंही त्याने कळवलं. झाड गराजमध्ये आणि गाडी बर्फात. अण्णांच्या बहिणीने फोटो बघून एवढंच म्हटलं, "इथे असेपर्यंत याने कधी तुळशीला पाणी घातलं नाही."

अण्णांनी मात्र मनावर घेतलं. आधी त्यांना मेपलच हवा होता. पण मेपलला दरवर्षी काही आठवडे कडाक्याच्या थंडीत झोपावं लागतं. झोप मोडली की तो हळूहळू जीव टाकतो. मुंबईच्या नोंदीतला थंडीचा नीचांक ७.४ अंश सेल्सिअस, तो जानेवारी १९६२ चा, आणि तोही सांताक्रूझचा. त्या एका पहाटेवर कुठला मेपल किती काळ काढणार? शिवाय गिरगावात त्या दिवशीही कोणीतरी पंखा एकवर ठेवलाच असणार. तेव्हा मेपल रद्द झाला आणि अण्णांची नजर अंगणातल्या बदामावर गेली.

यामागे पुनर्विकास होता. हल्ली गिरगावात कशामागेही पुनर्विकासच असतो. आमची इमारत १ सप्टेंबर १९४० पूर्वीची, म्हणजे उपकराच्या हिशेबात 'अ' वर्ग. आयुष्यात दुसऱ्या कशातच 'अ' वर्ग न मिळालेल्या माणसांना हा दाखला फार जपून ठेवावासा वाटतो. विकासकाच्या माणसाने नकाशा पसरला, त्यात अंगणाच्या जागी पार्किंग होतं. "झाडाचं काय?" असं अण्णांनी विचारलं. "लँडस्केप आहे ना, सातव्या मजल्यावर पोडियमला," तो म्हणाला. सातव्या मजल्यावरच्या बदामाखाली दगडाने बदाम फोडत बसलेली पोरं डोळ्यांसमोर आणायचा अण्णांनी प्रयत्न केला, आणि मग सभेत उभं राहून जाहीर केलं की नव्या इमारतीत जाताना ते हे झाड बरोबर घेऊन जाणार. बाकीच्यांच्या याद्यांत पाटावरवंटा, झोपाळ्याच्या कड्या, आजोबांचा तसबिरीतला फोटो असलं काहीबाही होतं. अण्णांच्या यादीत चाळीस फूट उंचीचा बदाम लागला.

सभेने ठराव बाजूला ठेवून तासभर बोन्सायवर चर्चा केली, कारण त्यावर बोलायला कोणाच्याच माहितीची अट नव्हती. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची समजूत अशी की झाडाला उपाशी ठेवतात. त्यांच्या जावयाला कोणीतरी इंजेक्शनाचं सांगितलं होतं. खजिनदारांना वाटत होतं की अख्खा बदाम हळूहळू आटवत खाली आणणार, आणि त्या काळात त्यांच्या खिडकीसमोरची फांदी आधी आटवावी, अशी त्यांची सूचना होती.

खरं म्हणजे बोन्साय ही झाडांची ठेंगणी जात नाही. जंगलात शंभर फूट वाढणारं झाडच ते. त्याची मुळं ठरावीक काळाने छाटायची, शेंडे खुडायचे, उथळ कुंडीत ठेवायचं; खाणंपिणं मात्र वेळच्या वेळी आणि भरपूर. उपाशी ठेवलेलं झाड बोन्साय होत नाही, मरतं. आणि झाड लहान ठेवणं हा यातला सोपा भाग. लहान झाडाला म्हातारं दाखवणं हा खरा धंदा. वीतभर उंचीत बुंधा खाली रुंद हवा, वर निमुळता हवा. मातीवर मुळं पसरलेली दिसायला हवीत. फांद्या थकल्यासारख्या थोड्या खाली वळायला हव्यात. जगात बाकी सगळे केस काळे करत असताना हे एकच शास्त्र पिकलेपणासाठी धडपडतं.

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात जपानने १९७६ साली भेट दिलेला एक पाइन आहे. तो १६२५ पासून कुंडीत आहे. म्हणजे शिवाजी महाराजांपेक्षा पाच वर्षांनी थोरला. ६ ऑगस्ट १९४५ ला तो हिरोशिमात होता, बॉम्ब पडला तिथून दोन मैलांवर, मालकाच्या कुंपणाच्या भिंतीआड. भिंतीने त्याला वाचवलं. देताना मालकाच्या घरच्यांनी याचा गाजावाजा केला नाही, त्यामुळे अमेरिकेला ही गोष्ट कळायला २००१ साल उजाडलं. अण्णांनी हे सभेत सांगितलं तेव्हा सगळे गप्प झाले. मग सेक्रेटरी म्हणाले, "भिंत कोणी बांधली होती? तोच कंत्राटदार आपल्याला मिळाला पाहिजे."

अंगणातलं झाड मुळापासून काढणं शक्यच नव्हतं. महाराष्ट्राचा नागरी भागातल्या झाडांचा कायदा १९७५ चा. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, हलवता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने तर पन्नास वर्षांच्या झाडाला प्राचीन वृक्षाचा मान दिला. आमच्या वाडीत पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला गोळ्यांचा डबा मिळतो. तेव्हा अण्णांनी झाड जागेवर ठेवून त्याची एक फांदीच वेगळी करायचं ठरवलं, आणि त्यासाठी कोकणातली जुनी विद्या बाहेर काढली: गुटी कलम.

गुटी कलम ज्याने एकदा केलं तो आयुष्यभर ते दुसऱ्याला समजावत बसतो, म्हणून मीही थोडक्यात समजावतो. पावसाळा लागला की अंगठ्याएवढी जाड फांदी निवडायची. तिची साल इंचभर रुंदीत बांगडीसारखी सोलून काढायची. पाणी आतल्या लाकडातून वर चढतं, त्यामुळे फांदी सुकत नाही. पण पानांनी तयार केलेलं अन्न सालीतून खाली उतरतं; ते त्या बांगडीपाशी येऊन अडतं. अडलेल्या जागी फांदीला गाठ येते आणि मुळं फुटतात. फक्त तिथे ओलसर शेवाळ गुंडाळून, वर प्लास्टिक लावून दोन्ही टोकं घट्ट बांधायची. पुढे प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसू लागली की खालून फांदी कापायची आणि कुंडीत लावायची. टोरांटोत मेपलचंही असंच करतात. डाळिंब, लिंबू असल्या झाडांवर आपल्याकडे हे पिढ्यान् पिढ्या होत आलं आहे.

डाळिंब-लिंबू परसात असतात, तिथे विचारणारं कोणी नसतं. गिरगावात तीन मजली गॅलऱ्यांच्या मधोमध, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, भर आषाढात बदामाच्या फांदीला प्लास्टिकचं गाठोडं लटकलेलं दिसलं. सुतळीने दोन्हीकडून बांधलेलं. आत काहीतरी ओलं. दुपारपर्यंत वाडीत दोन पक्ष पडले. एका पक्षाच्या मते ही करणी होती आणि ती पागडी विकून गेलेल्या कोणीतरी केली होती. दुसऱ्या पक्षाच्या मते करणीच होती, पण विकासकाने केली होती. अण्णांनी गॅलरीतून ओरडून सांगितलं, "अहो, मुळं फुटणार आहेत त्यातून!" यामुळे उरलेसुरलेही पहिल्या पक्षाला जाऊन मिळाले. संध्याकाळी फांदीखाली लिंबू आणि सात मिरच्या आल्या.

तरी श्रावणापर्यंत गाठोडं टिकलं. मग गोपाळकाला आला. वाडीतली मोठी मुलं दादर-परळच्या मोठ्या हंड्यांकडे गेली होती. मागे उरलेल्या बारक्यांना एक तयार बांधलेली, बेताच्या उंचीची, आजवर कोणी न फोडलेली वस्तू दिसली. तीन थर लागले. बाकी काही असो, थर सुंदर लागले, हे अण्णांनीही मान्य केलं.

फांदीसकट सगळं खाली आल्यावर कोणीतरी तो तुकडा पाण्याच्या बादलीत ठेवून बघितला. पण खरी अडचण तिथे अण्णांच्या लक्षात आली. झाड वीतभर करता येतं, पानाचं काय? पानं खुडून, ऊन देऊन नवी पानं थोडी लहान येतात. पण बदामाचं पान मुळात वीतभर. ते अर्ध्यावर आणलं तरी वीतभर झाडाला अर्ध्या विताचं पान, म्हणजे चार पानांत झाड संपलं. त्याला प्राचीन वृक्ष म्हणायला प्रेक्षकाकडे दुसऱ्याच प्रकारचं मन हवं.

दरम्यान अण्णा अभ्यासाला लागले होते. महापालिकेचं झाडाफुलांचं प्रदर्शन थंडीत राणीच्या बागेत भरतं तेव्हा ते सकाळी दार उघडल्यापासून तिथे हजर राहिले. १८६२ साली लोकांसाठी उघडलेली ही बाग, भायखळ्याला असल्यामुळे परळ-लालबागला पायी अंतरावर. फुलांनी मढवलेल्या सजावटीपुढे सेल्फीसाठी जी झुंबड उडते तिच्यातून वाट काढत बोन्सायपर्यंत पोचायचं. तिथे लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. केवढ्याला? याला फळ येतं का? आणि तिसरा, जरा आवाज खाली आणून: खरं आहे का? कुंडीतल्या वडाच्या पारंब्या बघून बायका हरखून जातात. त्या पारंब्या मुंबईच्या हवेचीच देणगी आहेत. कोरड्या गावातल्या बोन्सायवाल्यांना पारंब्या काढण्यासाठी झाडाभोवती प्लास्टिकचा तंबू करून दमटपणा कोंडावा लागतो. मुंबईत जुलैमध्ये कपडे वाळत घातले तरी त्यांना पारंब्या फुटतील.

अण्णांच्या पुण्याच्या साडूंनी यावर लगेच फोन करून सांगितलं की खरं बोन्साय पुण्यात. २०१८ च्या फेब्रुवारीत तिथे 'बोन्साय नमस्ते' नावाचं आंतरराष्ट्रीय संमेलन भरलं होतं, देशोदेशीचे उस्ताद आले होते. साडू स्वतः गेले नव्हते, दुपारची वेळ होती.

लालबाग-परळचा स्वभावच मुळी बोन्सायच्या उलटा. तिथल्या कार्यशाळांत गणपतीच्या मूर्ती अशा घडतात की त्या बाहेर काढण्यासाठी मांडवाचं छप्पर उतरवावं लागतं. दरवर्षी मंडळाला मागच्या वर्षापेक्षा फूटभर जास्त हवं. या परंपरेला एकदाच कात्री लागली. २०२० आणि २०२१ साली करोनात सरकारने मर्यादा घातली, सार्वजनिक मूर्ती चार फूट, घरगुती दोन फूट. तेव्हा भल्याभल्या मंडळांनी मांडवात चार फुटांच्या मूर्तीपुढे पंचवीस फुटांची सजावट करून प्रश्न सोडवला. अण्णांच्या मते राज्याच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा बोन्साय प्रकल्प, आणि तो संपताच सगळ्यांनी मनातून उपटून टाकला.

बदामाचा बेत फसल्यावर अण्णांनी मान वर केली. मुंबईत बोन्साय करायचा असेल तर नर्सरीत जायचं कारण नाही, मान वर करायची. जपानात या कलेचे वेडे डोंगरात जाऊन कड्याकपारीत खुरटलेली, वाऱ्याने वाकलेली झाडं हुडकतात आणि जीव धोक्यात घालून उतरवतात. गिरगावात तेच काम संडासाच्या पाइपाकडे बघून होतं. कावळा किंवा साळुंकी पिंपळाची फळं खाते, भिंतीवर बसून मोकळी होते. बी चुन्याच्या फटीत पडतं. मातीचा कण नाही, पाणी गळक्या पाइपाचं, ऊन अर्धा तास. एवढ्या भांडवलावर पिंपळ वीस वर्षं काढतो, बुंधा मनगटाएवढा करतो, मुळं भिंतीत घालतो आणि वर पानं हलवत बसतो. म्हातारं दिसण्यासाठी जे काही लागतं ते त्याला आमच्या इमारतीने फुकट शिकवलेलं असतं.

परळला तर याहून मोठे नमुने होते. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला, भोंगे थांबले ते बहुतेक थांबलेच. गार पडलेल्या चिमण्यांच्या तोंडाशी पहिल्यांदा कामावर रुजू झाला तो पिंपळ. कामगारांपैकी ज्यांनी ते वर बघितलं, त्यांच्यातले काही अजून सांगतात की तिथे कोणीच पाणी घालत नव्हतं, कोणी पगारही देत नव्हतं, तरी हा हजर.

इथे 'आपण मुंबईकर सगळे बोन्सायच की हो' हे वाक्य येणार, अशी वाचकाची खात्री झाली असेल. आमच्या दहा बाय बाराच्या खोल्या बघायला आलेल्या प्रत्येक पाहुण्याने ते म्हणून झालं आहे. अण्णांचं त्यावर ठरलेलं उत्तर आहे: बोन्सायच्या खोलीचं भाडं पावती-पुस्तकावर नसतं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या पाइपाशी एक पिंपळ होता. त्याच्याबद्दल कमिटीकडे किती वर्षांपासून तक्रारी होत्या हे कमिटीलाच माहीत. मुळांनी भिंत फाडली होती, खजिनदारांच्या न्हाणीत ओल आली होती. पण पिंपळ तोडायचा कोणी? प्लंबर यायचा, वरवर छाटायचा, पैसे घ्यायचा, आणि पुढच्या पावसात दुप्पट पिंपळ. मुळापासून काढायचं पाप कोणालाच नको होतं. "मी काढतो, कुंडीत लावतो," असं अण्णा म्हणाले मात्र, आणि त्या सभेत आमच्या वाडीच्या इतिहासात पहिल्यांदाच एखादा ठराव एकमताने झाला. पाप अण्णांच्या नावावर गेलं, पुण्य सामायिक राहिलं.

एवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं, "आणि मुंजाचं काय?"

पिंपळावर मुंजा असतो. मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत गेला, असा पोरगा. हे आमच्या पिढीपर्यंत सगळ्यांना माहीत आहे, आणि न मानणारेही अमावास्येला पिंपळाखालून जाताना मोबाइलचा टॉर्च लावतात. झाड कुंडीत गेलं तर मुंजाने कुठे जायचं? सभा गंभीर झाली. अण्णा म्हणाले, मुंजा मुळात आठ-दहा वर्षांचा, कुंडीत आरामात मावतो. वडावरचा ब्रह्मराक्षस असता तर जागेचा प्रश्न होता. सेक्रेटरींना मात्र वेगळीच काळजी. मुंजा १३ जून १९९६ च्या आधीपासून राहतो का? तसं असेल तर तो पात्र भाडेकरू, आणि त्याला घर द्यावं लागेल. विकासकाच्या माणसाने हे वहीत लिहून घेतलं. त्याने गंमत म्हणून लिहिलं की खरंच, हे आजपर्यंत कळलेलं नाही.

पिंपळ उतरवण्याचा दिवस म्हणजे वाडीचा सण. परातीवाला, शिडीवाला, पाइपावर कोणी हात ठेवायचा नाही असं सांगणारा, आणि तरी हात ठेवणारा. भिंतीसकट एक ढेकूळ बाहेर आलं. त्यातली वीट मुळांनी अशी कवटाळली होती की अण्णांनी ती काढलीच नाही. खडकाला मुळांनी धरलेलं झाड ही बोन्सायमधली मोठी मानाची शैली आहे, लोक त्यासाठी खास दगड शोधतात. इथे 'अ' वर्गातली अस्सल वीट आयती मिळाली.

बाकी सामानाला फिरावं लागलं नाही. कुंडी कुंभारवाड्यातून, पाणी निथळायला खाली मोठी भोकं पाडून आणि त्यांवर जाळी बसवून. मातीत निम्मा विटांचा चुरा लागतो, म्हणजे पाणी साचत नाही आणि मुळं कुजत नाहीत. बाकी थोडी लाल माती, शेणखत, निंबोळी पेंड. विटांचा चुरा विकत घ्यावा लागणाऱ्या गावांची मला दया येते. आमच्या गल्लीत पुनर्विकासाला पाडलेल्या इमारतींचे ढीग रस्त्यात असतात. शंभर पावसाळे मुरलेली वीट, चाळून घेतली की झालं.

तारेचा भाग आला तेव्हा अण्णांचे डोळे चमकले. फांद्यांना वळण द्यायला त्यांच्याभोवती तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची तार पंचेचाळीस अंशांत गुंडाळतात, वाकवतात, आणि ती सालीत रुतायच्या आत काढतात. जगभरातल्या बोन्सायवाल्यांना हे जमायला वर्षं लागतात. अण्णांची हयात यात गेलेली. लोहार चाळीत जाऊन त्यांनी गेज सांगून तार आणली आणि एका दुपारी अख्ख्या पिंपळाचं वायरिंग केलं. काटकोनात, क्लिपा मारून, मेन आणि सब-मेन वेगळे. फांदीतून फांदी निघते तिथे त्यांनी चुकून नव्हे, सवयीने जंक्शन केलं. ते झाड बघून कोणालाही प्रथम स्विच कुठे आहे हेच विचारावंसं वाटे.

तार फार दिवस टिकली नाही. मुंबईचा कावळा काटक्यांच्या बरोबरीने तारेचंही घरटं बांधतो. अण्णांनी गुंडाळलेली ॲल्युमिनियमची तार मऊ आणि आयती वळवलेली. दोन कावळ्यांनी ती टोकापासून उलगडत नेली, आणि बदामावर घरटं झालं. अण्णा खालून बघत राहिले. "जॉइंट पक्का केलाय," ते म्हणाले.

पण कावळे परवडले. बोन्सायला लागतो एका माणसाचा हट्ट. कुठली फांदी ठेवायची, कुठली कापायची, पाणी कधी द्यायचं, हे एकाच डोक्यात वर्षानुवर्षं राहावं लागतं. चाळीत असं एकट्याचं डोकं नसतंच. पिंपळाची कुंडी अण्णांनी जिन्याच्या तोंडाशी ठेवली, कारण तिथेच ऊन येतं. त्यामुळे जाता-येता प्रत्येकाने पाणी घातलं. कोणी प्यायच्या तांब्यातलं उरलेलं, कोणी तांदळाचं धुवण, कोणी चहाचा चोथा. काकूंनी तर त्याला सर्दी होईल म्हणून कोमट घातलं. एक पाटी लावली: 'कृपया झाडास पाणी घालू नये.' ती वाचायला थांबलेल्या माणसाला झाड सुकलेलं वाटे आणि तो पाणी घाली. विटांचा चुरा नसता तर पिंपळ पहिल्या महिन्यातच गेला असता.

मग शनिवार आला. कुंडीत का होईना, पिंपळच तो. मारुतीला निघालेल्या कोणीतरी वाटेत तेल वाहिलं. पुढच्या शनिवारी उडीद आणि काळे तीळ आले. कोणीतरी बुंध्याला सूत गुंडाळलं, त्यावर हळदकुंकू. ज्येष्ठात वटपौर्णिमेला दरवर्षी दादरच्या फुलबाजारातून वडाच्या फांद्या विकत आणून पाटावर पूजा होते. झाडं ओरबाडू नका, असं सांगून पर्यावरणवाले थकले. यंदा वाडीतल्या नव्या सुनांनी ठरवलं की फांदी आणायची नाही, घरचं जिवंत झाड आहे. ते पिंपळाचं आहे, वडाचं नाही, हे अण्णांनी सांगून बघितलं. "एकाच घरातले ना?" असं उत्तर आलं, आणि शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर होतं. फेऱ्या मारायला मात्र पंचाईत झाली. सात फेऱ्या म्हणजे जागेवर सातदा वळणं. चक्कर आली म्हणून एका वहिनींनी साडेतीनवर थांबवलं. पुढचे जन्म बघू, म्हणाल्या. त्यांचे यजमान तिथेच उभे होते, ते काही बोलले नाहीत.

आता अण्णांना एखादी फांदी छाटायची तर अडचण. कात्री बाहेर काढली की गॅलऱ्यांतून डोकी बाहेर येतात. ही फांदी नको, हिला परवाच गजरा वाहिलाय. तारेला हात लावायचा नाही, खाली सुताचे फेरे आहेत. पिंपळाला शेंडा वाढू द्यायचा नसतो, नाहीतर तो भराभर उंच होऊन खालच्या फांद्या सोडून देतो. पण शेंड्यावर आजींनी नवस बोललाय, नातवाच्या नोकरीचा. नोकरी लागेपर्यंत शेंडा वाढणार. नातू मुलाखतींना जातो की नाही, यावर आता अण्णा स्वतः लक्ष ठेवतात.

टोकियोच्या बोन्सायवाल्यांची एक गोष्ट अण्णांनी मागच्या सभेत वाचून दाखवली. १९२३ च्या भूकंपानंतर ते शहर सोडून निघाले आणि १९२५ साली ओमिया इथे त्यांनी बोन्सायवाल्यांचंच गाव वसवलं. गावात राहायचं तर चार नियम. घरटी निदान दहा बोन्साय हवेत. दार कोणाही येणाऱ्याजाणाऱ्याला उघडं हवं. भिंतीऐवजी झाडांचं कुंपण हवं. आणि दुमजली घर बांधायचं नाही. गिरगावकरही शहर सोडून पार्ल्याला, बोरिवलीला, डोंबिवलीला गेले, भूकंपाविना गेले, पण असले नियम कोणी केले नाहीत, ही अण्णांची खंत. सभेने नियम एकेक करून तपासले. दार उघडं ठेवणं शक्य आहे, चौकटी फुगल्यामुळे ती तशीही बंद होत नाहीत. चौथा नियम ऐकल्यावर विकासकाचा माणूस चहा तसाच ठेवून फोनवर बोलायला बाहेर गेला.

पिंपळ जगला. फाल्गुनात त्याने सगळी पानं टाकली आणि चैत्रात तांबूस-गुलाबी, पातळ, चकाकणारी पालवी फुटली. मेपलला जो रंग जाताना येतो तो याला येताना येतो. त्या आठवड्यात एका बोन्साय प्रदर्शनाचा फॉर्म आला. भरायला अर्थातच सगळी वाडी जमली.

झाडाचं नाव, पिंपळ. यावर मतभेद नव्हते. वय म्हटल्यावर खडाजंगी झाली. कुंडीत आल्यापासून धरायचं, की पाइपाशी उगवल्यापासून? ते किती, कोण सांगणार? सेक्रेटरींनी ठामपणे '१ सप्टेंबर १९४० पूर्वीचे' असं लिहायला लावलं. मालकाच्या नावापुढे अण्णांनी स्वतःचं नाव लिहायला घेतलं तेव्हा कोणी काही बोललं नाही, पण खोकले आले. त्यांनी खोडून 'रहिवासी संघ' केलं. मग शैलीचा रकाना. सरळ, तिरपी, धबधब्यासारखी लोंबणारी, वाऱ्याने झुकलेली, खडकाला धरलेली, अशा मान्यताप्राप्त शैलींची यादी खाली छापली होती. अण्णांनी झाडाकडे बघितलं. बुंध्याला सूत, फांदीला उरलीसुरली तार, तळाशी तेल, शेंड्यावर नवस, मातीत चहाचा चोथा, आणि वटपौर्णिमेपासून कोणी न हलवलेला नारळ मुळांशी टेकलेला. ज्या गावात १८९३ साली चाळीतला गणपती रस्त्यावर सगळ्यांचा झाला, तिथे दुसरं काय लिहिणार? यादीत नसलेली शैली त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिली: सार्वजनिक.

उंचीच्या रकान्यात चौदा इंच लिहून पुढे कंसात 'नारळ वगळून' असं टाकलं, आणि सह्या घ्यायला फॉर्म तिसऱ्या मजल्यावर गेला.